न विचारण्याचा धर्म

दिवाळीच्या फराळाला जशी चकली लागते, तशी चार माणसांच्या बैठकीला कुणाच्या तरी दुखण्याची बातमी लागते. ताटातला चिवडा संपत येतो, मुंबईच्या जागांचे आणि यंदाच्या भाताचे बोलून होते, आणि मग कोणीतरी आवाज थोडा खाली आणून म्हणते, "अमक्याचं कळलं का?" अमक्याला काय झाले आहे हे त्या क्षणापर्यंत अमका स्वतः, त्याची बायको आणि फार तर दवाखान्यातली सिस्टर एवढ्यांनाच ठाऊक असते. चहाचे कप उचलले जाईपर्यंत ते साऱ्या आळीला ठाऊक होते. यात दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक वेळा त्या बोलण्यात हळहळ असते, कधी मायाही असते. परंतु ज्याचे दुखणे असे बैठकीतून फिरून येते, त्याला ती हळहळ कशी लागत असेल, हा विचार बैठक उठल्यावर सहसा कोणी करीत नाही. सणाच्या दिवसांत असला विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. माणसे एकत्र जमतात तेच दिवस या विचाराला अधिक योग्य आहेत.

आजारी माणसाचे गुपित कोणाचे, आणि ते राखायचे कोणी, असे हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ज्याचे दुखणे त्याचे गुपित; परिचारिकेपाशी ते केवळ ठेव म्हणून असते. दुसऱ्याचे उत्तर आपण तितक्याच चटकन देतो, की ते डॉक्टरांनी आणि परिचारिकेने राखायचे. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मी कायदेपंडित नाही, वैद्यही नाही. मॅट्रिकपुढे न शिकलेला, पोरांना शिकवणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. तेव्हा जे सांगतो ते गावात राहून दिसलेले आहे, एवढेच समजावे.

आमचे कासू पेण तालुक्यातले. पेण आणि नागोठणे यांच्या मधले रेल्वेचे छोटे स्टेशन, मुंबई-गोव्याचा रस्ता, सखल भागात भाताची खाचरे आणि डोंगराकडे कातकऱ्यांच्या वाड्या. शहरात माणूस दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा तो हजारांतला एक असतो. गावात तसे नाही. सरकारी हिशेबाने सपाटीवर सुमारे पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागांत हेच आकडे तीन हजार आणि वीस हजार. याचा अर्थ असा, की पाच हजार माणसांची दुखणी, बाळंतपणे, चुकलेल्या पाळ्या, नवऱ्याच्या दारूचे वळ आणि सासऱ्याचा खोकला हे सारे एका सिस्टरच्या दोन कानांतून जाते. आणि उपकेंद्र म्हणजे तरी काय? बहुधा दोन-तीन खोल्या आणि पुढे एक पडवी. पडवीत बाकड्यावर बायका बसलेल्या. आत कोण गेली, किती वेळ बसली, बाहेर येताना पदर डोळ्यांना लावला की नाही, याची नोंद त्या बाकड्यावर आपोआप होत असते. सिस्टरने तोंडातून अवाक्षर काढले नाही, तरी तिची स्कूटर कुणाच्या दारात दोनदा थांबली हे गाव पाहत असते.

त्यातही सिस्टर परगावची असते. तिची बदली होते आणि गुपिते तिच्याबरोबर घाट ओलांडून जातात. आशाताईंचे तसे नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात हजार वस्तीमागे एक आशा नेमायची ठरली, आणि ती त्याच गावची रहिवासी असावी असा नियम झाला. नियम शहाणपणाचाच होता. गावातल्या बाईला गावातल्या बाईशी बोलणे सोपे जाते. परंतु त्यामुळे ती कुणाची तरी सून, कुणाची जाऊ, कुणाची भाची असते. दिवसभर घरोघर फिरून ती संध्याकाळी घरी येते तेव्हा सासूबाई चहा ठेवता ठेवता सहज विचारतात, "आज त्यांच्याकडं गेली होतीस म्हणे? काय बरं नाही का तिला?" या एका प्रश्नापुढे गप्प राहायला जे बळ लागते, ते कुठल्याच प्रशिक्षणात पुरेसे मिळत नसेल.

गप्प राहण्याची ही विद्या जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आचार्य शिष्याला जे नियम घालून देतात, त्यांत आजाऱ्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत असा स्पष्ट नियम आहे. ग्रीसमधल्या हिप्पोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तेच आहे. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे परिचारिकांसाठी जी शपथ तयार झाली आणि जिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव दिले गेले, तिच्यातही रुग्णाच्या खाजगी आणि घरगुती गोष्टी पोटात ठेवीन असे वचन आहे. आपल्याकडेही नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन अशी शपथ घेतात. मात्र या साऱ्या शपथा सांगणाऱ्याने घ्यायच्या आहेत. विचारणाऱ्याने घ्यायची शपथ कुठल्याही शास्त्राने लिहून ठेवलेली मला आढळलेली नाही. जणू पाच हजार माणसांनी रोज उठून विचारीत राहावे आणि एका बाईने जन्मभर नाही म्हणत राहावे, अशी ही व्यवस्था आहे.

आमच्या भागात पूर्वी असलेल्या एका सिस्टरची एक रीत मला फार विचार करण्यासारखी वाटली. कोणी कुणाच्याही प्रकृतीचे विचारले, तर तिचे उत्तर ठरलेले असे: "त्यांनाच विचारा ना." साधा ताप असला तरी तेच, पाय मुरगळला असला तरी तेच. गावाला ती शिष्ट वाटे. शाळेतल्या लसीकरणाच्या याद्या करताना मी तिला म्हणालो, "सिस्टर, सर्दी-पडशाचं सांगायला काय हरकत आहे?" ती म्हणाली, "गुरुजी, सर्दी झालेल्याचं मी सांगितलं आणि दुसऱ्याच्या वेळी गप्प बसले, तर माझं गप्प बसणंच सांगणं होईल की!" मोठी खोल गोष्ट तिने सहज सांगितली. लाजेच्या आजारांपुरतीच मूठ झाकली, तर झाकलेली मूठ पाहूनच लोक आतले ओळखतात. झाकायची तर ती रोजच झाकली पाहिजे.

आता विचारणाऱ्यांकडे वळू. ते तीन प्रकारचे असतात. काही गंमत म्हणून विचारतात, काही मायेने, आणि काही भयाने.

गंमतीने विचारणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपला वेळ घालवू नये, हे त्यांनाही कळते. आता त्यांच्या हाती मोबाइल आला आहे, एवढीच नवी गोष्ट. पूर्वी गुपित षट्कर्णी व्हायला एक दुपार लागे; आता गरोदर बायांची नावांनिशी यादी चुकून एखाद्या गटावर पडली, की दोनशे घरांत ती एकाच क्षणी पोहोचते, आणि ज्या मुलीने अजून माहेरीही सांगितलेले नसते तिला दूरच्या चुलत्याचा अभिनंदनाचा निरोप येतो. दोन महिन्यांनी काही विपरीत झाले, तर तेही तिने त्याच दोनशे घरांना समजावून सांगायचे!

मायेने विचारणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्याकडे दुखणे एकट्याचे नसते, घराचे असते. रात्री उशाशी बसणारे, पेज करून घालणारे, उधार-उसनवार करून पेणला किंवा अलिबागला नेणारे घरचेच असतात. त्यांना "तुम्हाला सांगता येणार नाही" असे म्हणणे कोरडे वाटते, आणि तसे वाटणे चूक नाही. मात्र इथे दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. सेवेला लागणारी माहिती वेगळी आणि दुखण्याचे सगळे चरित्र वेगळे. सुनेच्या अंगात रक्त कमी आहे, तिने गोळ्या घ्यायला हव्यात, पालेभाजी खायला हवी, पाण्याचे हंडे उचलू नयेत, हे सासूला कळलेच पाहिजे. आणि शहाणी सून ते स्वतःच सांगेल किंवा सिस्टरला सांगू देईल. परंतु तिने दुसरे मूल इतक्यात नको म्हणून काय ठरवले, हे सासूच्या सेवेला लागत नाही. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, असा आपल्या देशाचा १९७१ चा कायदाच आहे. आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन अशा स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असे ठरले. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसते. ठाऊक असते, तर उपकेंद्राच्या दाराशी होणारे कितीतरी तंटे टळले असते.

शाळेतला अनुभवही मला हेच सांगतो. एखाद्या मुलाला मिरगी येत असेल, तर ते शिक्षकाला माहीत हवे. झटका आला तर त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूची दगड-पाटी दूर करावी, तोंडात काही कोंबू नये, नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नये, आणि झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर ताबडतोब दवाखाना गाठावा. एवढे कळले की माझे काम भागते. त्याला हे कधीपासून आहे, कुणाकडून आले, हे मी विचारण्याचे कारण नाही. आणि त्याच्या आईने ते मला स्वतः येऊन सांगितले, तर त्यात जो विश्वास असतो, तो मी सिस्टरकडून चोरून काढलेल्या बातमीत कधीच नसेल.

राहता राहिले भयाने विचारणारे. त्यांची बाजू सर्वांत बळकट आहे, म्हणून ती नीट ऐकली पाहिजे. त्याच सिस्टरकडे एकदा शेजारगावचे एक गृहस्थ आले होते. मी पडवीत याद्या घेऊन बसलो होतो. त्यांच्या मुलीचे लग्न आमच्या बाजूच्या एका मुलाशी ठरत होते. ते हात जोडून म्हणाले, "सिस्टर, पोरगा कसा हाय, तेवरं सांगा. माझ्या पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय." सिस्टर म्हणाली, "काका, मी सांगणार नाही. मुलालाच विचारा. नाहीतर लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करून घेऊ असं दोन्ही घरांनी ठरवा. त्यात कुणाचा अपमान नाही." ते गृहस्थ रागाने उठून गेले. बापाचा राग मला समजला. मुलाला काही होते की नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हते, आजही नाही.

नेमका असा पेच आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली आला होता. एका माणसाने नातेवाइकाला देण्यासाठी रक्त काढून दिले, तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे निघाले, इस्पितळाकडून ते इतरांना कळले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. तो न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटले, की खाजगीपणाचा हक्क अमर्याद नाही. जिच्याशी लग्न व्हायचे तिच्या जिवाला धोका असेल, तर सांगणे हा अपराध नव्हे. निकाल त्याच्या विरुद्ध गेला; परंतु त्या खटल्याच्या नावात त्याला केवळ 'एक्स' म्हटले आहे आणि इस्पितळाला 'झेड'. ज्या न्यायालयाने त्याला नाही म्हटले, त्याने त्याचे नाव मात्र झाकले, ही गोष्ट मला निकालाइतकीच बोधक वाटते.

पुढे २०१७ साली या आजारासाठी वेगळा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्याने या पेचाला पायऱ्या बांधल्या. रुग्णाच्या संमतीशिवाय सांगायचे नाही, हा नियम. जोडीदाराला खरोखरच मोठा धोका असेल, समजावूनही रुग्ण स्वतः सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. तेसुद्धा आधी रुग्णाला कल्पना देऊन. परिचारिकेला तो अधिकार नाही. आणि सांगायचे ते जोडीदाराला. त्याच्या किंवा तिच्या बापाला, सरपंचाला, शेजाऱ्याला नव्हे. म्हणजे त्या दिवशी सिस्टरने जे उत्तर दिले, तेच कायद्याच्याही मनात आहे. त्याच २०१७ साली, २४ ऑगस्टला, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले होते.

परंतु सांसर्गिक रोग गावात शिरला, तर? तेव्हाही गप्पच राहायचे काय? याचे उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरून आजारी माणसे शोधीत, बायाबापड्यांची तपासणी करीत, सामानसुमान बाहेर काढीत. साथ आटोक्यात आणायची हा हेतू वाईट नव्हता. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. शेवटी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्चला त्यातच त्यांचा अंत झाला. रोग एकच होता. एका ठिकाणी रोग्याचा शोध चालला होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची सेवा. भीतीने दार ठोठावले की आजार पोटमाळ्यावर लपतो, हे त्या वर्षाने शिकवले.

शिकून आपण विसरलोही. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात घरीच विलगीकरणात राहायच्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. कोकणातल्या कितीतरी गावांनी मुंबईहून आलेल्या आपल्याच चाकरमान्यांना शाळांच्या खोल्यांत ठेवले. देशात अनेक ठिकाणी कोरोना झालेल्यांच्या दारांवर पाट्या लागल्या. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश नसेल तर अशा पाट्या लावू नयेत, असे सांगितले. अंतर राखायलाच हवे होते. परंतु दारावरच्या पाटीने अंतर किती राखले गेले आणि तपासणीला जाण्याची भीती किती वाढली, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या आळीपुरता करून पाहावा.

क्षयाचे उदाहरण यात अधिक समंजस आहे. मे २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हेही सांगणेच आहे. पण ते कोणाला? ज्याच्या हाती औषध आहे, जो घरातल्या इतरांची तपासणी करील, त्याला. उंबऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला नाही. सांगण्याचे माप असे असावे: ज्याला सांगून रोग हटेल त्याला, जेवढ्याने हटेल तेवढे, आणि शक्य तोवर रुग्णाला विचारून. २०२२ पासून क्षयरुग्णांना पोषण आहाराच्या टोपल्या देणारे दाते पुढे आले. काम पुण्याचे आहे, आणि त्यासाठी रुग्णाची संमती घेतली जाते. मात्र टोपली देताना रुग्णाला उभे करून फोटो काढण्याचा मोह झाला, तर दात्याने क्षणभर थांबावे. गहू-डाळ त्या घरात महिनाभर पुरते. फोटो त्याहून फार जास्त दिवस टिकतो.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माझा धंदाच विचारण्याचा. कोणी म्हणेल, तुम्हीच असे सांगता! म्हणून हेही स्पष्ट करतो, की न विचारण्याचा धर्म म्हणजे पाठ फिरवण्याचा धर्म नव्हे. शेजारच्या घरातून रात्री बाईच्या रडण्याचा आवाज येतो आणि सकाळी ती 'पायरीवरून पडले' म्हणते, तेव्हा गप्प राहणे हे पाप आहे. सिस्टरने तर तिला आत घेऊन, दार लावून, एकटीला विचारलेच पाहिजे. तेव्हा विचारावे जरूर. पण त्या माणसाला विचारावे, त्या माणसाबद्दल दुसऱ्याला विचारू नये. "तुम्हाला काय झालंय?" यापेक्षा "तुम्हाला काही हवंय का?" हा प्रश्न बरा. पहिल्याचे उत्तर त्याला द्यावेसे वाटले तर तो आपणहून देईल. न दिले तरी आपण दळण आणून देऊ शकतो, पोरे शाळेत पोहोचवू शकतो, भाताची कापणी उरकून देऊ शकतो. त्याला रोगाचे नाव लागत नाही.

आजही आमच्या बाजूची काही माणसे गोळ्या आणायला गाव टाळून लांब जातात. जवळच्या उपकेंद्रात मिळू शकणाऱ्या औषधासाठी पहाटेची गाडी धरतात, दिवसाची मजुरी बुडवतात, आणि फलाटावर कोणी "कुठं निघालास?" म्हणून विचारले तर पेणच्या बाजाराचे नाव सांगतात. एखाद्या महिन्यात गाडीभाड्याला पैसे नसतात आणि गोळ्या चुकतात. उपचार अर्ध्यावर तुटतो तो बहुधा असा. त्यात सिस्टरचा दोष नसतो; तिने तोंड उघडलेलेच नसते. दोष असतो तो पडवीतल्या बाकड्याचा, आणि त्या बाकड्यावर तुम्ही-आम्हीच बसलेले असतो. तिथे बसून आपण जरा रस्त्याकडे पाहायला शिकलो, तर तो माणूस उद्या भर दिवसा आपल्याच गावच्या उपकेंद्रात येईल, गोळ्या घेईल आणि वेळेवर कामाला जाईल.